मागच्या रांगेतली खंजिरी हेवी मेटलमध्ये!

*कर्णकर्कश गिटार, कानठळ्या बसवणारे ड्रम्स आणि त्यांच्या जोडीला चेन्नईचं 'तकिट तकधिमि'! युरोपातल्या मेटलवाल्यांनी दक्षिणेच्या तालाशी केलेली दोस्ती, आणि त्या दोस्तीतून मैफलीत मागे बसणाऱ्या वादकांना मिळालेला मान, यांची ही गोष्ट.*

हेवी मेटल! नुसतं नाव काढलं तरी घरातली वडीलधारी मंडळी कानांवर हात ठेवतात. खांद्यापर्यंत केस वाढवलेली, काळे कपडे घातलेली पोरं, माना हलवत चाललेला धांगडधिंगा आणि शेजाऱ्यांच्या तक्रारी... एवढंच चित्र डोळ्यांसमोर उभं राहतं. 'याला काय संगीत म्हणायचं?' हा प्रश्न ज्या घरात तरुण मुलगा आहे, त्या बहुतेक घरात कधी ना कधी विचारला गेलेला असतो.

पण याच धांगडधिंग्याची एक शाखा अशी आहे, की ती ऐकताना वादकाला सतत हिशेब मांडावा लागतो. तिचं नाव प्रोग्रेसिव्ह मेटल. आणि या शाखेतले काही नामवंत युरोपीय वादक तालाचा हिशेब शिकण्यासाठी ज्यांच्याकडे वळले, ते कलावंत न्यूयॉर्क-लंडनचे नाहीत, तर आपल्या चेन्नईचे आहेत, हे अनेकांना ठाऊक नसतं. पहाटे मृदंगाचे बोल घोकणाऱ्या मुलांचं हे शहर आणि इलेक्ट्रिक गिटारचा तो कल्लोळ, यांचं नातं जुळलं तरी कसं?

गोंगाटामागचा हिशेब

हेवी मेटलचा जन्म इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम या कारखान्यांच्या शहरातला. तिथल्या 'ब्लॅक सॅबथ' या बँडचा पहिला अल्बम 1970 साली आला. त्यांचा गिटारवादक टोनी आयोमी हा पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. तिथल्या यंत्रात त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं तुटली. तो डावखुरा असल्याने तारा दाबायची बोटं नेमकी तीच! पण गडी हटला नाही. प्लॅस्टिक वितळवून त्याने बोटांना टोपणं केली, तारा सैल केल्या आणि त्यातून जो जड, खर्जातला आवाज निघाला, तो पुढे साऱ्या मेटल संगीताची ओळख बनला.

त्याच सुमारास इंग्लंडमध्येच दुसरी एक लाट आली होती. 'येस', 'जेनेसिस' यांसारखे बँड दहा-दहा, वीस-वीस मिनिटांच्या रचना बांधत होते. तीन मिनिटांच्या गाण्यात आणि चार मात्रांच्या ठेक्यात त्यांचं मन रमत नव्हतं. पुढे 1980 च्या दशकात या दोन लाटा एकमेकींत मिसळल्या आणि प्रोग्रेसिव्ह मेटल आकाराला आलं. मेटलचा जड आवाज, पण रचना लांबलचक आणि ताल अवघड. साधं सिनेमातलं गाणं चार मात्रांच्या घरात फिरत असतं. इथे मात्र पाच, सात, नऊ, अकरा असे विषम ठेके येतात आणि एकाच गाण्यात ते बदलतातही.

आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही. तबला ऐकणाऱ्या मराठी घरात सात मात्रांचा रूपक आणि दहा मात्रांचा झपताल माहीत असतो. पण चार मात्रांतच वाढलेल्या पाश्चात्त्य वादकाला सात मात्रा म्हणजे पायरी चुकल्यासारखं वाटतं. त्याला कागदावर आकडे मांडून मोजावं लागतं. जिथे आकडे मोजता मोजता दमछाक होते, तिथेच चेन्नईची विद्या कामाला येते.

तोंडाने वाजणारा मृदंग

कर्नाटक संगीतात मृदंगाला हात लावण्याआधी मुलाला बोल तोंडपाठ करावे लागतात. तीन मात्रांना 'तकिट', चार मात्रांना 'तकधिमि', पाचांना 'तकतकिट', सातांना 'तकिट तकधिमि'. तीनचा तिस्र, चारचा चतुस्र, पाचचा खंड, सातचा मिश्र आणि नऊचा संकीर्ण, अशा या पाच जाती. तोंडाने बोल आणि हाताने ताल. आठ मात्रांचा आदिताल धरायचा तर आधी एक टाळी, मग करंगळी, अनामिका, मधलं बोट. पुन्हा टाळी आणि हात उलटा. पुन्हा टाळी आणि हात उलटा. हे बोल नुसते पाठ म्हणण्याची कला इतकी वाढली, की तिचं स्वतंत्र गायनच झालं. तिलाच कोन्नकोल म्हणतात.

यातली गंमत घरीही अनुभवता येईल. एकाने चार-चारच्या गटाने टाळ्या द्यायच्या आणि दर चौकडीची पहिली टाळी जोरात वाजवायची. दुसऱ्याने त्याच लयीत, दर टाळीला एक अक्षर या हिशेबाने, 'तकिट तकिट' म्हणत राहायचं. सुरुवातीला दोघे एकत्र निघतात, मग एकमेकांपासून सुटतात आणि सगळं बिघडलं असं वाटू लागतं. पण बारा मात्रा झाल्या, की जोराची टाळी आणि 'तकिट'चा 'त' बरोबर एकत्र येतात! तीन चोक बारा आणि चार त्रिक बारा. पाढ्यातलं हे साधं गणित कानाला मात्र जादूसारखं वाटतं.

प्रोग्रेसिव्ह मेटलचा डोलारा नेमका याच जादूवर उभा आहे. गिटारवाला सात मात्रांचा तुकडा पुन्हा पुन्हा वाजवतो, ड्रमवाला चारचा ठेका सोडत नाही आणि अठ्ठाविसाव्या मात्रेनंतर दोघांची गाठ पडते. पाश्चात्त्य वादक हे लिहून काढतो. चेन्नईचा बारा वर्षांचा मुलगा ते तोंडाने म्हणतो. आकडा डोक्यात ठेवावा लागतो, बोल जिभेवर बसतो. फरक काय तो एवढाच, पण केवढा मोठा!

तालवाद्य आणि कॉफीची वेळ

एवढी मोठी विद्या ज्यांच्या हातात, त्या वादकांना मैफलीत मान किती? इथे मात्र चित्र तितकंसं सुखाचं नाही.

चेन्नईच्या कचेरीत म्हणजे मैफलीत मधोमध गायक. एका बाजूला व्हायोलिन, दुसऱ्या बाजूला मृदंग. घटम आणि खंजिरी ही 'उपपक्कवाद्यं', म्हणजे साथीच्या वाद्यांचीही साथीदार. त्यांची जागा बहुधा मागच्या रांगेत. मुख्य रचना झाली, की तालवादकांना स्वतंत्र वादनासाठी थोडा वेळ मिळतो. त्याला 'तनि आवर्तनम' म्हणतात. तनि सुरू झालं, की श्रोत्यांपैकी बरेच जण उठतात आणि कँटीनची वाट धरतात! मार्गळी महिन्यातल्या म्हणजे डिसेंबर-जानेवारीतल्या संगीत हंगामात सभांच्या कँटीनमधली कॉफी मैफलीइतकीच प्रसिद्ध असते. वादकाने वर्षानुवर्षं बोटं झिजवून केलेली तयारी, आणि समोर रिकाम्या होत जाणाऱ्या खुर्च्या! याची खंत तालवादकांच्या अनेक पिढ्यांनी मनात बाळगली आहे.

टी. एच. विनायकराम या घटमवादकाची कहाणी म्हणूनच महत्त्वाची ठरते. त्यांचा जन्म 1942 सालचा. वडील हरिहर शर्मा यांनी 1958 साली मद्रासमध्ये 'श्री जय गणेश तालवाद्य विद्यालय' काढलं. विनायकराम 'विक्कू' या नावाने ओळखले जाऊ लागले. 1970 च्या दशकात इंग्लिश गिटारवादक जॉन मॅक्लॉफ्लिन याने 'शक्ती' हा संच उभा केला. त्यात व्हायोलिनवर एल. शंकर, तबल्यावर आपला मुंबईचा झाकिर हुसेन आणि घटमवर विक्कू विनायकराम.

इथे मागची रांग नव्हतीच. चौघेही एका ओळीत बसत आणि मातीचं मडकं वाजवणाऱ्याला गिटारवाल्याइतकाच वेळ मिळत असे. पाश्चात्त्य श्रोता तालवादनाला उठून जात नव्हता, उलट त्याचसाठी थांबत होता. अमेरिकन ड्रमवादक मिकी हार्ट याच्या 'प्लॅनेट ड्रम' या अल्बमला 1992 साली ग्रॅमी मिळालं, त्यातही विनायकराम होते. पुढे 2002 साली पद्मश्री आणि 2014 साली पद्मभूषण. मडक्याने माणसाला कुठून कुठे नेलं!

दिमडीची बहीण

विनायकरामांचे चिरंजीव व्ही. सेल्वगणेश यांनी निवडली ती खंजिरी. तमिळमध्ये तिला कंजिरा म्हणतात. मराठी माणसाला हे वाद्य परकं नाही. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या हातातली खंजिरी साऱ्या महाराष्ट्राने पाहिली आहे आणि खंडोबाच्या जागरणात वाघ्याच्या हाती असते ती दिमडी तिचीच बहीण.

दक्षिणेतही ती आधी भजनातच वाजत असे. पुदुकोट्टैच्या मामुंडिया पिळ्ळै यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिला शास्त्रीय मैफलीत आणलं. फणसाच्या लाकडाचं वीतभर रुंदीचं कडं, त्याला एका बाजूने ताणून बसवलेलं घोरपडीचं कातडं आणि कड्याच्या खाचेत नाण्यांसारख्या धातूच्या चकत्या. डाव्या हाताने ती धरायची आणि त्याच हाताच्या बोटांनी कातडं दाबून आवाज चढवायचा-उतरवायचा. वाजवायचं ते एकट्या उजव्या हाताने. कातड्याला आतून पाणी लावलं, की एवढ्याशा वाद्यातून ढोलासारखा घुमारा निघतो. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीला संरक्षण मिळालं, तेव्हा या जुन्या कातड्याचा मार्ग बंद होणं ओघानेच आलं. बकरीचं कातडं आणि कृत्रिम पडदा असे पर्याय त्यातून पुढे आले.

मृदंगाला दोन तोंडं, तबल्याला दोन नग. खंजिरीला एकच तोंड आणि तिच्या वाट्याला एकच हात. जी. हरिशंकर (1958-2002) यांनी या एका हातात दोन हातांचं काम आणलं. सेल्वगणेश यांनी वडील आणि आजोबांबरोबरच हरिशंकर यांच्याकडूनही विद्या घेतली. मॅक्लॉफ्लिनने जुन्या 'शक्ती'चा 'रिमेंबर शक्ती' हा नवा अवतार काढला, तेव्हा वडिलांच्या जागी मुलगा आला.

चार स्वीडिश, एक मद्रासी

मेटलची गाठ पडली ती योनास हेलबोर्ग या स्वीडिश बासवादकामुळे. हेलबोर्ग मॅक्लॉफ्लिनबरोबर वाजवलेला माणूस. भारतीय तालाची ओढ त्याला होतीच. मेम्फिसचा शॉन लेन हा विलक्षण वेगवान अमेरिकन गिटारवादक आणि सेल्वगणेश यांना घेऊन त्याने वाजवायला सुरुवात केली. त्यांचा 'गुड पीपल इन टाइम्स ऑफ इव्हिल' हा अल्बम 2000 साली आला. पुढे सेल्वगणेश यांचे भाऊही या वादनात सामील झाले. दुर्दैवाने 2003 साली शॉन लेन आजारपणात वारला आणि तो संच तिथेच थांबला.

हेलबोर्ग मात्र थांबला नाही. 2007 साली त्याने नवा अल्बम काढला. नाव सरळसोट: 'आर्ट मेटल'. गिटारवर 'फ्रीक किचन' या बँडचा मतियास एक्लुंड. कीबोर्डवर येन्स योहानसन आणि ड्रम्सवर त्याचा भाऊ आंदेर्स. या दोघा भावांची उमेद मेटलमध्येच गेलेली. येन्स 'स्ट्राटोव्हारियस'मधला, तर आंदेर्स 'हॅमरफॉल'मधला. असे हे चार स्वीडिश आणि त्यांच्यात पाचवा चेन्नईचा सेल्वगणेश!

मेटलच्या ड्रमवाल्यासमोर दोन-दोन मोठे ढोल, झांजा, पायाखाली पेडल. खंजिरीवाल्याच्या हातात वीतभर वाद्य. गावजेवणातल्या चुलाण्याशेजारी देवघरातली समई ठेवावी, तसा हा प्रकार. आवाजाच्या जोरावर खंजिरीचा निभाव लागणं शक्यच नाही. ती टिकते ती तालाच्या हिशेबावर. पाश्चात्त्य ड्रमवादक ठेका धरतो, म्हणजे खांब रोवतो. खंजिरी त्या खांबांच्या मधून वाट काढत जाते, तिसरी-पाचवी मात्रा उचलते आणि नेमकी समेवर परत येते.

एक्लुंडवर या सहवासाचा मोठा परिणाम झाला. दक्षिणेचे बोल त्याच्या गिटारवादनात मुरले. पुढे स्वीडनमधल्या आपल्या गिटार शिबिरांतही तो हा ताल शिकवू लागला. उत्तर युरोपातल्या रानात गिटार घेऊन बसलेली गोरी पोरं 'तकिट तकधिमि' म्हणत आहेत, हे दृश्य डोळ्यांसमोर आणून पाहा!

जर्मनीचा चिलखती बॅले

अवघड तालांच्या मेटलचं आणखी एक घर म्हणजे जर्मनी. उत्तर जर्मनीतल्या वाकन या छोट्या खेड्यात 1990 पासून मेटलचा मेळा भरतो. आपल्याकडे जत्रेला लोटावी तशी जगभरातली गर्दी तिथे लोटते. दक्षिणेकडच्या म्युनिकमध्ये यान त्सेरफेल्ड या गिटारवादकाचा 'पॅन्झरबॅलेट' हा बँड आहे. 'पॅन्झर' म्हणजे रणगाडा. रणगाड्यांचा बॅले! जॅझमधला सॅक्सोफोन आणि मेटलमधली गिटार एकत्र आणून हे लोक ओळखीच्या चालीही अशा विषम मात्रांत बसवतात, की ऐकणारा टाळी द्यायला हात वर करतो आणि तो हवेतच राहतो. 2015 सालच्या त्यांच्या अल्बमचं नावच 'ब्रेकिंग ब्रेन', म्हणजे मेंदूची मोडतोड!

भारतीय ताल कानावर पडावा म्हणून जर्मन वादकांना दर वेळी विमान पकडावं लागतं, असंही नाही. ठुमरीसम्राज्ञी शोभा गुर्टू यांचे चिरंजीव त्रिलोक गुर्टू हे मुंबईत जन्मलेले तालवादक अनेक वर्षं हॅम्बुर्गला घर करून राहिले. मॅक्लॉफ्लिनच्या संचात तेही वाजवून आलेले. तबला आणि पाश्चात्त्य ड्रम्स यांचं मिश्रण करून त्यांनी आपलं स्वतंत्र वाद्यघरच उभं केलं. बेळगावात जन्मलेल्या आईची लयकारी मुलाच्या हातून थेट जर्मनीत पोचली, याचा मराठी रसिकाला अभिमान वाटायला हरकत नाही.

तंजावरची आठवण

परक्यांनी आपला ताल उचलला म्हणून नाक मुरडणारेही आहेत. पण दक्षिणेने परक्यांकडून काय काय घेतलं, हेही पाहायला हवं. व्हायोलिनशिवाय कर्नाटक संगीताची मैफल होत नाही. ते व्हायोलिन युरोपचं! मुत्तुस्वामी दीक्षितारांचे धाकटे बंधू बालुस्वामी यांनी ते मद्रासमध्ये युरोपीय वादकाकडून शिकून कर्नाटक संगीतात रुजवलं. खुद्द मुत्तुस्वामींनी इंग्रजी बँडच्या चालींवर संस्कृत शब्द बसवून रचना केल्या, त्यांत 'गॉड सेव्ह द किंग'ची चालसुद्धा आहे.

या देवघेवीत मराठ्यांचाही वाटा आहे. तंजावरचे सरफोजी राजे दुसरे (कारकीर्द 1798-1832) हे ख्रिश्चन फ्रीडरिख श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याच्या देखरेखीखाली वाढले आणि काही वर्षं मद्रासला राहून शिकले. युरोपीय विद्या आणि संगीत यांची त्यांना मोठी आवड. त्यांच्या दरबारात युरोपीय वाद्यं वाजत. याच तंजावरात पोचलेल्या मराठी कीर्तनाच्या परंपरेने तमिळ हरिकथेला वळण दिलं. जर्मन गुरू, मराठी राजा आणि तमिळ मुलूख! आजचं मिश्रण त्या मानाने फारसं धाडसी म्हणता येणार नाही.

गिटारलाही चेन्नईने असंच आपलंसं केलं. आयआयटी मद्रासमधून जहाजबांधणीची पदवी घेतलेल्या आर. प्रसन्ना यांनी पुढे बोस्टनच्या बर्कली कॉलेजात संगीताचं शिक्षण घेतलं आणि इलेक्ट्रिक गिटारवर त्यागराजांच्या कृती वाजवल्या. जिमी हेंड्रिक्सला मानवंदना म्हणून त्यांनी 2006 साली काढलेल्या अल्बमचं नाव 'इलेक्ट्रिक गणेश लँड'! 2010 साली चेन्नईबाहेर समुद्रकिनाऱ्यालगत सुरू झालेल्या स्वर्णभूमी संगीत अकादमीची धुराही त्यांनी सांभाळली. त्यांच्याच आयआयटीच्या 'सारंग' महोत्सवात 2009 साली 'ओपेथ' हा स्वीडनचा गाजलेला प्रोग्रेसिव्ह मेटल बँड वाजवून गेला.

मान कुणाचा?

प्रश्न उरतो तो वेगळाच. बोल जगभर पोचले, पण बोलांचे मालक पोचले का? आज परदेशात कोन्नकोलचे धडे देणारे अनेक जण आहेत. तिथला विद्यार्थी 'तकधिमि' सहज म्हणतो, पण ते कुणी कुणाला शिकवलं, हे त्याला ठाऊक असतंच असं नाही. मॅक्लॉफ्लिनने याबाबतीत चांगला पायंडा पाडला. कोन्नकोल शिकवणारी 'गेटवे टु रिदम' ही चित्रफीत त्याने 2007 साली काढली, ती सेल्वगणेश यांना बरोबर घेऊन आणि त्यांच्या नावासह.

आणि मान फक्त परदेशातच का मिळावा? फेब्रुवारी 2024 मध्ये 'शक्ती'च्या 'धिस मोमेंट' या अल्बमला ग्रॅमी मिळालं. मॅक्लॉफ्लिन, झाकिर हुसेन, शंकर महादेवन, गणेश राजगोपालन यांच्याबरोबर सेल्वगणेशही त्याचे मानकरी ठरले. बापाच्या ग्रॅमीनंतर बत्तीस वर्षांनी मुलाला ग्रॅमी! त्याच वर्षी डिसेंबरात झाकिरभाई गेले आणि तालविश्व पोरकं झालं. ज्यांनी साथीच्या तबल्याला पुढच्या रांगेत बसवलं, त्यांत त्यांचं नाव सर्वांत वर घ्यावं लागेल.

पुरस्काराच्या बातमीवर टाळ्या वाजवणं सोपं असतं. सभागृहात तनि आवर्तनम सुरू असताना खुर्चीत बसून राहणं, हा खरा सन्मान. कॉफी काय, नंतरही मिळते!

घरातल्या मुलाने गिटार मागितली किंवा त्याच्या खोलीतून तो 'गोंगाट' ऐकू आला, तर लगेच दार आपटू नये. पाच मिनिटं थांबावं आणि मात्रा मोजाव्यात. कदाचित त्या गोंगाटात सात मात्रांचा एखादा तुकडा सापडेल. मग मुलाला जवळ बसवून रूपक ऐकवावा, 'तकिट तकधिमि' म्हणायला शिकवावं आणि आपणही शिकावं. दोघांची सम कधी ना कधी जुळतेच. तीन आणि चार बाराव्या मात्रेनंतर भेटतात, तर बाप आणि मुलगा का भेटणार नाहीत?